गाळात रुतलेली बोट

ब्रिगेडियर डेन्झिल ट्रेविन ब्रिटिश नौदलाच्या रॉयल मरीन्समधून निवृत्त झाले आणि इंग्लंडातल्या टॉपशम गावी नदीकाठी घर घेऊन राहिले. नॉर्वेच्या बर्फात, वादळी किनाऱ्यांवर त्यांनी जन्मभर बोटींतून माणसं उतरवली होती. आता हाताखाली एक छोटी शिडाची बोट आणि बायको हेस्टर, एवढंच उरलं होतं. हुकूम मात्र तेच. जन्मभर त्यांच्या बदल्यांमागे बिऱ्हाड हलवत आलेली हेस्टर ते निमूट ऐकायची.

त्या रविवारी बोटीत ती म्हणाली, "डेन्झिल, ओहोटी लागलीय. काठाच्या इतक्या जवळून नको नेऊस."

"तू आता मला समुद्र शिकवणार?"

थोड्याच वेळात बोट गाळात रुतली. पाणी ओसरलं तशी ती एका अंगावर कलंडली. धक्क्यावरच्या पबबाहेर बिअर पीत बसलेल्यांची आयतीच करमणूक झाली. भरती चढल्यावर किट्टो होडी घेऊन आला. एके काळी तो त्यांच्याच तुकडीत सार्जंट होता.

"काय साहेब, इथेच तळ ठोकताय की काय?"

ट्रेविन हसले आणि बोलून गेले, "सुकाणू बाईसाहेबांकडे दिलं होतं. मग दुसरं काय होणार?"

हेस्टर दोर गुंडाळत होती. तिने वर पाहिलंही नाही. "हो, चुकलंच माझं," एवढंच म्हणाली.

ट्रेविनच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पोरसवदा अधिकाऱ्यांना ते नेहमी बजावायचे, चूक झाली तर ती आपली म्हणायची, जवानाची नाही.

संध्याकाळी पबमध्ये कुणीतरी हाळी दिली, "साहेब, बाईसाहेबांना जमिनीवरच ठेवा बरं!"

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "सुकाणू माझ्या हातात होतं. तिने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. वर खोटं बोललो."

कुणी हसलं नाही. किट्टोने नजर चुकवली. "ठाऊक आहे, साहेब. काठावरून सगळं दिसत होतं."

म्हणजे खरं ठाऊक असूनही सगळे आपल्याला सांभाळून घेत होते! धरणीने पोटात घ्यावं असं त्यांना झालं.

घरी हेस्टर बटाटे सोलत होती.

"सगळ्यांना खरं सांगून आलो," ते म्हणाले.

"मला अजून काहीच नाही सांगितलंस."

ते दारातच थबकले. "तुझं ऐकायला हवं होतं. आणि तुझ्यावर ढकलायला नको होतं."

"ते दुसरं जास्त लागलं," ती म्हणाली आणि सोलत राहिली. समोरची खुर्ची रिकामी होती, पण बसायचा त्यांना धीर होईना.