जिने चढून सांगायची गोष्ट

मैदानावर त्यांना सगळे भिंत म्हणत. फुटबॉल क्लबच्या बचावफळीत अकरा वर्षं खेळले, मग उजव्या गुडघ्याने दगा दिला. क्लबने त्यांच्या लॉकरमध्ये चिठ्ठी ठेवली: आभार, आणि सोमवारपर्यंत किल्ली जमा करावी. ती चिठ्ठी त्यांनी बायकोला वाचूनही दाखवली नाही, नुसती टेबलावर ठेवली. बायको परिचारिका. तिने चिठ्ठी वाचली, बर्फाची पिशवी आणली आणि त्यांच्या गुडघ्यावर धरून बसली.

दोन वर्षांनी त्याच क्लबने कुमार आणि राखीव संघाचे प्रशिक्षक म्हणून त्यांना बोलावलं. त्यांनी एकच अट घातली. कुणाला काढायचं ठरलं तर चिठ्ठी नाही, मी घरी जाऊन सांगणार.

सोळा वर्षं त्यांनी ती पाळली. कुणी रडलं, कुणी दार लावून घेतलं, एका आजोबांनी तर छत्री उगारली.

सगळ्यात जड गेला तो राखीव संघाचा गोलकीपर. दहाव्या वर्षी आलेला, आता एकोणीसचा. मुलं त्याला पाव किलो म्हणत. चपळ होता, पण उंची काही वाढेना. भिंत सर क्लबच्या तीन बैठकांत त्याच्यासाठी भांडले आणि हरले.

रविवारी सकाळी ते त्याच्या घरी गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार आईने उघडलं. ती लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची. सरांना पाहताच तिला सगळं कळलं.

"नऊ वर्षं तुमच्या हवाली केला होता, सर."

"हो, ताई," ते म्हणाले. जिन्यात घोकलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं.

पोरगा ओले केस पुसत बाहेर आला. "बसा ना सर, गुडघा बोलत असेल." मग त्यानेच विचारलं, "उंचीच ना?"

"उंचीच. दुसरं काही नाही. मी भांडलो, पण हरलो."

"तुम्हाला हरताना बघायला हवं होतं," तो म्हणाला. आईला हसू आलं, आणि हसता हसताच तिला रडू फुटलं.

सरांनी खिशातून कागद काढला. आठवडाभर त्यांनी अकरा क्लबांना फोन केले होते. एका बंदराच्या गावातला छोटा क्लब त्याला बुधवारी बघायला तयार होता.

"तिथेही नाही जमलं तर?" आईने विचारलं.

"तर बाराव्याला फोन करीन."

पण तिथे जमलं. चार महिने बाकावर बसल्यावर त्याला पहिला सामना मिळाला. सर, त्यांची बायको आणि पोराची आई पाच तास बसने गेले. त्याने तीन गोल खाल्ले, संघ हरला. सामना संपल्यावर तो खाली मान घालून कठड्याशी आला. आईने त्याच्या गालावरचा चिखल पुसला.

"दुसरा गोल तुझ्या चुकीने झाला," सर म्हणाले. "पहिला आणि तिसरा कुणाच्याच बापाला अडवता आला नसता."

"खरंच?"

"मी तुला कधी उगाच चढवलंय का?"

"अहो, पोरगा सकाळपासून उपाशी दिसतोय," बायको म्हणाली. "गोल मग मोजा."

पोराने हातमोजे काढले. कोपऱ्यावर एक बरी खानावळ आहे म्हणाला, आणि सरांच्या चालीने, सावकाश, त्यांना तिकडे घेऊन निघाला.