तिसाच्या रेघेची शपथ

चांदवडच्या घाटात मोटार पुन्हा थांबली, तेव्हा गोरखने खाली उतरून चाकांना दगड लावले आणि उतारूंना जरा पाय मोकळे करायला सांगितलं. महिनाभर या मोटारीने जाणाऱ्यांचे पाय एवढे मोकळे झाले होते की पुढच्या वळणापर्यंत ते न सांगताच चालू लागले. एक म्हातारबुवा जाता जाता म्हणाले, "पोरा, बैलगाडीचं तिकीट देत जा. ती निदान चढते."

गोरख नुसता ड्रायव्हर. मोटार भिमाबाईंची होती. त्यांचे यजमान रावजी यांचा जीव मळ्यात, त्यामुळे मोटारीचा सगळा कारभार बाईंकडेच. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी ती घेतली होती. साहेब शौकीन होता. वेग दाखवणाऱ्या तबकडीशेजारी त्याने आणखी एक तबकडी बसवलेली होती, टॅकोमीटर. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते शेकड्यांत दाखवणारी. आकडे साठपर्यंत, पण साहेबाने बजावलं होतं की काटा तिसापुढे न्यायचा नाही.

गोरखने तो नेला. दसऱ्यानंतर उतारू नेणाऱ्या दुसऱ्या एका सर्व्हिस मोटारीला मागे टाकायच्या ईर्ष्येत काटा चाळिसाला टेकला आणि पिंपळगावच्या अलीकडे इंजिनाचा एक दांडा तुटून कूस फाडून बाहेर आला. भिमाबाईंनी सलाउद्दीन मिस्त्रीकडून दुसरं इंजिन बसवून घेतलं. एका उलटलेल्या मोटारीचं ते धडधाकट इंजिन, जुन्यापेक्षा लहान पण चपळ. मग बाईंनी मोटारीपुढे नारळ फोडला, तेलात शेंदूर कालवून तबकडीच्या काचेवर तिसाच्या आकड्याशी रेघ ओढली आणि म्हणाल्या, "गोरख, तुला गडावरच्या देवीची शपथ आहे. काटा या रेघेपुढे न्यायचा नाही."

गोरख कळवणकडचा. त्याचं जावळ सप्तशृंगीच्या गडावर काढलेलं. ही शपथ त्याच्या दृष्टीने ड्रायव्हरच्या लायसनपेक्षा मोठी होती.

आता नवं इंजिन सुरू केलं, जरा पाय दाबला, की काटा भर्रकन तिसाला. गोरख लगेच पाय उचलायचा. सपाटीला मोटार टांग्याच्या चालीने जायची आणि घाटात धापा टाकत थांबायची. लाकडाच्या एका व्यापाऱ्याने ती विकत मागितली होती. बाईंनी गोरखला स्पष्ट सांगितलं, की सोमवारच्या मालेगावच्या फेरीला त्या स्वतः येतील. मोटार घाट चढली तर ठीक, नाही तर व्यापाऱ्याला होकार. म्हणजे गोरखला कळवणला जाऊन थोरल्या भावाच्या हाताखाली कांदे निंदणं आलं. घरातून निघताना भाऊ म्हणाला होता, "मोटार काय खाते ते कळलं की ये परत." ते ऐकून घ्यायची त्याची मुळीच तयारी नव्हती.

सलाउद्दीनचं गॅरेज द्वारकेच्या चौकात, आग्रा रोडच्या कडेला. त्याने आधी इंजिनालाच दोष दिला. कार्बोरेटर उघडून धुतला, प्लग बदलले, व्हॉल्व्ह तपासले. उभ्या मोटारीत इंजिन इतकं गोड चालायचं की त्याला नाव ठेवायला जागा नव्हती. मग त्याने इंजिनापासून तबकडीपर्यंत जाणारी फिरती तार काढली. तार कुठे अडकत असती तर काटा थरथरला असता, त्याने उड्या मारल्या असत्या. हा तर शहाण्या मुलासारखा हळूहळू वर चढत होता. तरी तार पुसून, ग्रीस लावून पाहिली. शेवटी तबकडीच उतरवली आणि हाताच्या ड्रिलने तिचं मागचं टोक फिरवून पाहिलं. काटा बिनतक्रार हलला.

"तिघंही चांगल्या घरचे," सलाउद्दीन म्हणाला, "एकत्र आले की भांडतात."

त्याची बायको जुलेखा पडवीत बसून रहाटावर रेशमाच्या कांड्या भरत होती. माहेर येवल्याचं, विणकरांचं. भावांसाठी ती इथूनच कांड्या भरून पाठवायची. तिने रहाट न थांबवता विचारलं, ती तार इंजिनाच्या कुठल्या चाकावर बसवली आहे.

सलाउद्दीन म्हणाला, जिथे तिच्यासाठी तोंड होतं तिथे. प्रत्येक इंजिनाला एक असतंच.

"तोंड असेल," जुलेखा म्हणाली, "पण ते किती जोरात बोलतं?" आणि तिने रहाटाचं मोठं चाक सावकाश एकदा फिरवलं. चाक एकदा फिरलं तेवढ्यात कांडी गरगर फिरून घेत होती. तिच्या अब्बांनी एकदा रहाटाचा चात, म्हणजे कांडी बसते ती सळई, बदलला, तर आठवडाभर सगळ्या कांड्यांचा हिशोब चुकला होता, असं ती म्हणाली.

सलाउद्दीनने हातातला पाना खाली ठेवला.

जुनं इंजिन अजून कोपऱ्यात पडलेलं होतं. तुटलेला दांडा काढून टाकला होता, त्यामुळे ते हाताने फिरत होतं. त्यांनी त्यात ती तार बसवली आणि जुलेखाने तारेच्या मोकळ्या टोकाला लाल रेशमाचा धागा बांधला. सलाउद्दीनने हँडल दहा वेळा फिरवलं. टोकावर धाग्याचे पाच वेढे बसले. मग तीच तार नव्या इंजिनात बसवली, प्लग काढून हँडल पुन्हा दहा वेळा फिरवलं. गोरखने वेढे मोजले. पुन्हा मोजले.

"दहा हायेत, उस्ताद."

सलाउद्दीन जमिनीवरच बसला आणि हसू लागला. जुन्या इंजिनात तार निम्म्या वेगाने फिरायची आणि तबकडी तोच हिशोब धरून बनवलेली. नव्यात ती इंजिनाच्या बरोबरीने फिरत होती. म्हणजे काटा तीस दाखवत होता, तेव्हा बिचारं इंजिन पंधरावरच होतं. लहान इंजिन, त्याचा सगळा जोर फेऱ्यांत, आणि गोरख त्याला महिनाभर अर्धपोटी ठेवून डोंगर चढायला सांगत होता. सलाउद्दीनच्या अंदाजाने काटा पंचावन्नपर्यंत खुशाल जाऊ द्यावा. फेरे निम्मे करणारा जोड मुंबईहून मागवता आला असता, पण तो काही सोमवारच्या आत येत नव्हता.

गोरखचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. "पण भाभी, शपथ रेघेची हाय."

"ज्याने घातली, त्यानेच सुटली म्हणायचं," जुलेखा म्हणाली. "तुमच्यातही तसंच ना, गोरखभाऊ?"

संध्याकाळी भिमाबाई आल्या. त्यांनी पदर खोचून दोन्ही इंजिनांची हँडलं स्वतः फिरवली आणि धाग्याचे वेढे नखाने मोजले. मग म्हणाल्या, "म्हणजे धान्य तेवढंच, मापटं निम्मं. कळवणच्या बाजारात होतं तसं." गोरखने मान डोलावली. त्याच्या गावच्या मापट्यावरून बाईंनी त्याला पूर्वी पुष्कळ टोमणे मारले होते. आज पहिल्यांदाच तो विषय त्याच्या फायद्याचा ठरत होता. पण शपथ सुटली म्हणायला त्या तयार होईनात. मागच्या वेळीही काटा चाळिसावर असताना गोरख "काय व्हत नाय" असंच म्हणाला होता, हे त्या विसरल्या नव्हत्या. घाटात बघू, एवढंच त्या बोलल्या.

सोमवारी मोटार भरून निघाली. बाई गोरखच्या शेजारी, तबकडीच्या बरोबर समोर. चांदवड मागे पडलं, चढ सुरू झाला. गोरखने पहिला गिअर टाकला. काटा तिसाला टेकला, त्याने पाय उचलला. मोटार मंदावली, त्याने पुन्हा पाय दाबला. काटा पुन्हा तिसाला. इंजिन खोकू लागलं. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, उतरायचं का.

बाईंनी काट्याकडे पाहिलं, मग गोरखकडे. त्याच्या कपाळावर घाम होता, पण पाय रेघेच्या हुकमात होता. मोटार बंद पडली असती तर नोकरी गेली असती, आणि हे कळत असूनही तो काटा केसभर पुढे नेत नव्हता. बाईंनी हात पुढे करून तबकडीखालच्या फळीवर तळवा टेकवला. फळी थरथरत होती, म्हातारं माणूस जिन्यावर थरथरतं तशी.

"सुटली," त्या म्हणाल्या.

"मोठ्यानं म्हणा, बाई."

"सुटली रे, सुटली. दाब."

गोरखने पाय दाबला. काटा शेंदराची रेघ ओलांडून चाळिसावर गेला, मग पन्नासावर. खोकला थांबला आणि एकसारखा, भरलेला आवाज येऊ लागला. मोटारीने वळण घेतलं, दुसरं घेतलं. चालत जायच्या तयारीने धोतर वर खोचून बसलेल्या उतारूंनी ते हळूच खाली सोडलं. भिमाबाईंचे डोळे पन्नाशीच्या पुढच्या काट्यावर खिळले होते आणि ओठ हलत होते. देवीचं नाव घेत होत्या की आकडा निम्मा करत होत्या, ते गोरखला कळलं नाही.

माथ्यावर मोटार थांबवून त्याने रेडिएटरात पाणी ओतलं. बाई खाली उतरल्या आणि घाटाकडे वळून पाहत म्हणाल्या, लाकूडवाल्याला निरोप धाड, मोटार विकायची नाही. मग पुन्हा शेजारी येऊन बसल्या, पदर सारखा केला आणि तबकडीकडे वाकल्या.

"उताराला काटा कितीवर धरायचा?"

"उताराला तिकडं नाय बघायचं, बाई," गोरख म्हणाला. "म्होरं बैलगाडी हाय."