पाच मेखा

त्या सामन्यातून जेबेझ नॅनकिव्हलच्या पदरात काय पडायचे होते, ते आधी सांगून टाकते. ऊन. जमीन नाही, जुमला नाही, नुसते ऊन. जो माणूस भल्या पहाटे तांब्याच्या खाणीत उतरतो आणि दिवस मावळल्यावर वर येतो, त्याच्या वाट्याला आठवड्यातून शनिवारची दुपार आणि रविवार एवढेच ऊन येते. त्यातला निम्मा रविवार प्रार्थनामंदिराच्या बाकावर जातो. जेबेझ चोवीस वर्षांचा होता. त्याचा बाप सायलास याने तीस वर्षे त्याच खाणीत काढली होती, आणि आता त्याची छाती लोहाराच्या भात्यासारखी वाजत असे.

मित्रांनो, मी एक जुनी काथ्याची चटई आहे. आज माझा यार्डभर तुकडा उरला आहे. पण एके काळी मी बावीस यार्ड लांब होते, आणि इंग्लंडचा क्रिकेट संघ माझ्या अंगावर खेळून गेला. ते साल १९०७.

माझा जन्म मलबारच्या किनाऱ्यावरचा. नारळाची सोडणे खाडीच्या चिखलात महिनोन्‌महिने कुजली, बायकांनी ती बडवून काथ्या काढला, आणि मागावर मी विणली गेले. मग जहाजातून निघाले ती थेट दक्षिण ऑस्ट्रेलियात, व्हील ग्रेसला. हे खाणीचे नाव आणि तेच गावाचे. तिथले सगळे कॉर्नवॉलहून आलेले खाणकामगार. मैदान म्हणजे भाजलेली लाल माती. तिथे उगवायची गवताचीही छाती होत नसे. म्हणून खेळाआधी मातीवर मला अंथरायचे, दोन्ही काठांना लोखंडी मेखा ठोकायच्या आणि ताणायचे. हे काम सायलासचे. तो मला इतकी घट्ट ताणायचा की बोटाने टिचकी मारली तर डफासारखी वाजायचे. उसवलेले काठ त्याची बायको थर्झा शिडाच्या सुईने शिवायची. आठ वर्षे माझे दिवस मजेत गेले.

इंग्लंडचा संघ शुक्रवार-शनिवारी खेळायला येणार म्हटल्यावर गावाचे डोके फिरले. त्यांचे अकरा आणि आमचे बावीस, हा त्या काळचा रिवाज. लहान गावाला तेवढी सवलत असे. बावीस जण जमवताना आमच्याकडे पाववाला, टपालवाला आणि एका डोळ्याने अधू असलेला घोडेवालासुद्धा संघात आला. पण गोलंदाज म्हणावा असा एकच, जेबेझ. त्यातच बातमी आली की ॲडलेडचे मिस्टर क्रोझियर सामना पाहायला येणार. शहरातला मोठा क्लब त्यांचा, लोकरीचे गोदामही त्यांचे. चांगला गोलंदाज दिसला की ते त्याला क्लबात घेत आणि गोदामात नोकरी देत. त्या गोदामाला खिडक्या आहेत, एवढे गावात सगळ्यांना ठाऊक होते.

गुरुवारी संध्याकाळी खाणीचा कॅप्टन ट्रेगिलगस मैदानावर आला. जमिनीखाली तो कामगारांचा कॅप्टन, जमिनीवर संघाचा.

"सायलास," तो म्हणाला, "उद्या दक्षिण टोकाच्या पाच मेखा जरा विसर."

"मी विसरत नाही, कॅप्टन."

"तुझ्या वयाला शोभतं रे विसरणं. तुझ्या पोराचा चेंडू तिथंच टप्पा घेतो. चटई सैल असली की तो काटकोनात वळेल नि उसळेल. त्यांचा डाव आटोपला की मेखा ठोकून टाक. आपल्याला चटई पुन्हा घट्ट."

"आणि चेंडू कुणाच्या तोंडावर बसला तर?"

"तोंडं त्यांची आहेत," कॅप्टन म्हणाला आणि निघून गेला.

थर्झा माझा काठ शिवत बसली होती. तिने मान वर केली नाही. "सायलास, आठ वर्षांत तुझ्या चटईवर कुणाचं नाक फुटलं नाही. आपल्याजवळ दाखवण्यासारखं तेवढंच आहे."

सायलासला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तो म्हणाला, "छातीपण आहे की दाखवण्यासारखी. पोराची अशीच होऊ द्यायची?"

थर्झाची सुई थांबली.

शुक्रवारी खाण बंद राहिली. सायलासने मला अंथरले, ताणले, आणि दक्षिणेच्या पाच मेखा कोटाच्या खिशात ठेवल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अंगाला सुरकुती पडली.

पाहुणे फलंदाजीला उतरले. पहिला चेंडू टाकण्याआधी टप्प्याची जागा पायाने चाचपून पाहायची, ही जेबेझची सवय. त्याने पाय ठेवला आणि मी हलले. तो वाकला, काठ उचलून पाहिला, आणि सरळ कडेला उभ्या असलेल्या बापाकडे गेला.

"बाबा, पाच मेखा राहिल्या."

"राहिल्या नाहीत," सायलास हळूच म्हणाला. "जा, गोलंदाजी कर. क्रोझियर बसलाय बघ तंबूत."

जेबेझने तंबूकडे पाहिले. मग समोरच्या फलंदाजाकडे पाहिले. तो त्याच्याहूनही लहान दिसत होता आणि निवांत हातमोजे घालत होता.

"टेकू सैल ठेवून त्याखाली दुसऱ्याला उभं करायचं नाही, हे तुम्हीच ना मला शिकवलं? पहिल्याच दिवशी, खाली खाणीत?"

सायलासने खिशात हात घातला. जेबेझने पाचही मेखा घेतल्या, हातोडा घेतला आणि साऱ्या गावासमोर एकेक करून ठोकल्या.

"हा गोलंदाज आहे की सुतार?" कॅप्टन ट्रेगिलगस ओरडला.

नंतरचे सांगायला फार नाही. पाहुण्यांनी तीनशेच्या वर धावा कुटल्या. जेबेझला दोन बळी मिळाले. तिसरा मिळायचा होता, पण झेल नेमका ट्रेम्बाथ बंधूंच्या मध्ये उडाला. हे दोघे सख्खे भाऊ मंदिरातल्या बाजाच्या पेटीवरून सहा वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. "माझा" असे कोणीतरी म्हणायला हवे होते. दोघेही मुकाट्याने धावले, एकमेकांवर आपटले, आणि चेंडू त्यांच्या मधोमध जमिनीवर. आमचे बावीस शंभराच्या आत गारद झाले.

शनिवारी खेळ संपल्यावर मिस्टर क्रोझियर हातातली तिसरी पेस्टी, म्हणजे खाणवाल्यांची मांस भरलेली मोठी करंजी, संपवत माझ्यापाशी आले. त्यांनी मला टिचकी मारली. मग दक्षिण टोकाला जाऊन गुडघ्यावर बसले.

"बाकीच्या मेखा कालपासून मातीने माखल्यात. या पाचांवर हातोड्याचे ओरखडे आहेत, घाईघाईचे. ठोकल्या पोरानं, ते मी पाहिलं. काढून कुणी ठेवल्या होत्या?"

"मी," सायलास म्हणाला.

क्रोझियर हात झटकत उठले. "गोलंदाज म्हणून पोरगा बरा आहे. बरे माझ्याकडे सहा आहेत. मैदान सांभाळायला मात्र एकही धड माणूस मिळत नाही. हा पोरगा येईल का?"

"तो येईल," थर्झाच बोलली. "आणि त्याचा बापही. लबाडी करायला कालच शिकला, साहेब, जमली नाही त्याला. पण मेख चांगली ठोकतो."

महिन्याभरात नॅनकिव्हल कुटुंब ॲडलेडला गेले. निघताना सायलासने मला एक टिचकी मारली.

मित्रांनो, माझे दिवस तिथे फिरले. मला ताणणारे हात गेले. आठवण होईल तेव्हा कोणीतरी चार मेखा ठोकी. खेळ संपला की ओलीच गुंडाळून अंधाऱ्या कोठीत टाकत. बुरशी चढली, वाळवी लागली. पुढे मैदानावर सिमेंट ओतले आणि मला कापून वाटून टाकले: तबेल्याला, पिठाच्या गिरणीला, मंदिराच्या पायरीला. कित्येक वर्षांनी केस पिकलेला एक माणूस त्या पायरीवर पाय पुसताना थबकला. काठाला शिडाच्या सुईचे टाके आणि ओळीत पाच भोके. जेबेझने मला उचलून आगगाडीतून शहरात आणले. आता मी त्याच्या मैदानावरच्या खोलीच्या दाराशी असते.

तुम्ही तिथे खेळायला आलात तर माझ्यावर बूट पुसा, त्यासाठीच मी आहे. पण मी ओली झाले तर तशीच गुंडाळू नका. आधी कुंपणावर टाका आणि दुपारभर ऊन दाखवा. काथ्याला आणखी काही लागत नाही.

आता त्या सामन्याचा हिशेब. जेबेझला रोजचे ऊन मिळाले; त्याची मान विटेसारखी तांबडी झाली आहे. सायलासला समुद्राच्या वाऱ्यात आणखी सहा हिवाळे मिळाले. थर्झाला मुलगा धड छातीचा मिळाला. ट्रेम्बाथ बंधू झेल कोणाचा होता यावर भांडायला का होईना, बोलू लागले. कॅप्टन ट्रेगिलगसला हार मिळाली, ती त्याने वाऱ्याच्या माथी मारली. आणि या सगळ्याचे मोल एकवीस यार्ड भरले. ते मी भरले.