घानाच्या स्टुलाचा हेवा

मित्रांनो, मी एक जुनी सागाची खुर्ची आहे आणि मत्सरी आहे. ही दुसरी गोष्ट सहसा कुणी स्वतःहून सांगत नाही, पण ती लपवली तर माझी कहाणी सांगताच येणार नाही.

आलापल्लीच्या जंगलातला माझा साग. वारलू मिस्त्रीने मला ब्रह्मपुरीत घडवलं. ऐसपैस हात, पाठीला तीन उभ्या पट्ट्या, बसायला वेताने विणलेली बैठक. काम पुरं झाल्यावर त्याची बायको म्हणाली, "बसून तं पाहा." तो बसला नाही. "हिच्यात सरपंच बसन, मी काऊन बसू?" असं म्हणाला. ते ऐकून मी जी फुगले, ती पुढची दहा वर्षं फुगलेलीच होते.

बैलगाडीतून मी वैनगंगेकाठच्या एका गावी, ग्रामपंचायतीच्या कचेरीत आले. सरपंच होते बापूराव. धानाची मोठी शेती, आवाज भारदस्त, माणूस वाईट नव्हता, पण दुसऱ्याचं ऐकायची सवय त्यांना नव्हती. कचेरीत खुर्ची एकच, मी. सहा पुरुष सभासद भिंतीलगतच्या बाकावर बसत. बाई सभासद दोन. गावाच्या कडेच्या वस्तीतल्या, बौद्ध टोलीच्या केसरबाई सभेला येत आणि दाराशी चपलांच्या शेजारी जमिनीवर बसत. दुसऱ्या कमळाबाई येतच नसत. त्यांचे यजमान रजिस्टर घरी नेऊन त्यांची सही घेऊन येत. मला यात काही वावगं वाटलं नाही. सगळे माझ्यापेक्षा खाली बसलेत, एवढंच मी पाहत होते आणि ते मला आवडत होतं.

लहानू शिपाई रोज सकाळी खांद्यावरच्या दुपट्ट्याने मला पुसायचा आणि "महाराणी" म्हणायचा. सव्वीस जानेवारीला मला झेंड्यापाशी नेऊन ठेवायचे. माझं सुख एवढंच होतं आणि ते मला पुरत होतं.

मग १९८३ च्या उन्हाळ्यात केसरबाईंचा धाकटा भाऊ देवाजी परत आला. तो चार वर्षं पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात, कुमासी शहरात, शाळामास्तर होता. येताना त्याने एक स्टूल आणलं. दुसऱ्या दिवशी लहानूने मला अर्धवट पुसलं आणि दुपट्टा हातातच धरून बाकावर बसलेल्या सभासद पत्रूभाऊंना सांगू लागला.

"आखं एकाच लाकडातून कोरलं हाय, बापा. ना जोड, ना खिळा. बैठक कशी, मधी दबलेली, दोन्ही टोकं वर."

माझ्यात सोळा खिळे आहेत. त्या दिवसापर्यंत मला त्यांची लाज वाटली नव्हती.

पुढे रोज तेच. गावातली माणसं ते बुटकं लाकूड बघायला केसरबाईंच्या अंगणात जाऊ लागली. लहानू कचेरीला लवकर कुलूप लावून तिकडे पळायचा. माझ्या पाठीवर धूळ बसली तरी त्याला दिसेना. मी नुसती जळत होते. वाटायचं, त्या स्टुलाला वाळवी लागावी, कुणी चुलीत घालावं. असं मनात येणं चांगलं नाही, पण आलं खरं.

एकदा देवाजी दाखला मागायला कचेरीत आला. तेव्हा सभा चालू होती. त्याने दाराशी बसलेल्या बहिणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दाखला न मागताच निघून गेला. त्या संध्याकाळी अंगणात तो जे बोलला, ते लहानूने सकाळी पत्रूभाऊंच्या कानावर घातलं आणि मीही ऐकलं.

देवाजी तिकडे असतानाच, १९७९ साली, घानात मोठी निवडणूक झाली होती. पलटणीचं राज्य जाऊन लोकांचं आलं, नवी घटना लागू झाली. देवाजीच्या वर्गातल्या पोरांनी तिची कलमं पाठ केली. दोन वर्षं जेमतेम गेली. १९८१ च्या शेवटच्या दिवशी रेडिओवरून सांगण्यात आलं, की घटना बंद, संसद बंद, सत्ता पलटणीची. शाळा उघडली तेव्हा एका मुलीने उभं राहून त्याला विचारलं होतं, की सर, तुमच्या देशातली घटना तरी चालू आहे ना? देवाजीने छातीठोकपणे सांगितलं होतं, की चालू आहे.

"आन् इथी येऊन पायते तं बहीण चपलांपाशी," लहानू म्हणाला. "रडला मास्तर."

"मंग त्या स्टुलाचं काय?" पत्रूभाऊंनी विचारलं.

"तिकडं गावच्या राजाले असल्याच स्टुलावर बसवतेत म्हणे. बसवाच्या आधी लोकं त्याले तोंडावर सांगतेत, आमचं आयकजो. नाई आयकलं तं बुढे लोकं आन् राजघराण्यातली मोठी बाई मिळून त्याले उतरवतेत. पलटण आली तरी थे मोडलं नाई."

ते ऐकून मी अधिकच जळले. माझ्यावर बसणाऱ्याला कुणी कधी काही सांगितलं नव्हतं.

त्याच महिन्यात गावाला एक बोअरिंग मंजूर झालं. मशीन पुढच्या आठवड्यात येणार होती आणि हापशी कुठे बसवायची ते सभेत ठरायचं होतं. टोलीच्या बाया तेव्हा नाल्याच्या रेतीत खड्डा उकरून, वाटीवाटीने पाणी भरत. एक घागर भरायला तास जाई. ही हापशी हुकली, तर दुसरी केव्हा मिळेल याचा भरवसा नव्हता.

सभेच्या दिवशी केसरबाई आल्या त्या घागर घ्यावी तसं स्टूल कमरेवर घेऊन. चपलांना ओलांडून त्या आत आल्या. ते स्टूल त्यांनी बरोबर माझ्यासमोर ठेवलं आणि त्यावर बसल्या.

"केसरबाई, हे काय आनलं?" बापूरावांनी विचारलं.

"बसाले आनलं, भाऊ. इथी बाईसाठी जागा नाई, मून घरून आनली."

बाकावर कुणीतरी हसलं. ग्रामसेवकांनी घाईने रजिस्टर उघडून ठराव वाचायला घेतला. हापशी सरपंचांच्या घरासमोरच्या चौकात बसवावी असे सर्वानुमते ठरले, असं त्यात लिहिलेलं होतं.

"थांबा जी," केसरबाई म्हणाल्या. "आमी आजून बोललो नाई, तं ठरलं कवा?"

बापूरावांनी माझ्या हातावर थाप मारली. "तुमच्या भावाच्या त्या देशात घटनाच बंद केली ना? तिथलं लाकूड आनून आमाले काय शिकवता?"

केसरबाई उठल्या नाहीत, आवाजही चढवला नाही.

"तिथी बंद कराले बंदुका लागल्या, भाऊ. इथी तं तुमी एका रजिस्टरातच केली."

दहा वर्षं त्या खाली बसायच्या, तेव्हा बाकावरच्यांना त्यांच्या डोक्यावरून दाराबाहेर बघता यायचं. आज नजर चुकवायला जागाच नव्हती. पत्रूभाऊ खाकरले. "हात वर करून घेऊ. टोलीतली हापशी मले बी जवळच पडते," असं म्हणून त्यांनी पहिला हात वर केला. एकूण पाच हात वर झाले, तीन खाली राहिले. ग्रामसेवकांना लिहिलेलं पान खोडावं लागलं.

टोलीत हापशी बसली. सगळं गाव म्हणे स्टुलाने करून दाखवलं. मला तर तोंड दाखवायला जागा उरली नव्हती, कारण त्या सभेत मीही होते आणि मी बापूरावांच्या बाजूची होते.

पुढच्या पावसाळ्यात बापूराव नागपूरला दवाखान्यात होते आणि उपसरपंच परगावी. सभासदांनी केसरबाईंना त्या सभेपुरतं अध्यक्ष करायचं ठरवलं होतं. लहानूने मला घासूनपुसून ठेवलं. आज त्या माझ्यावर बसतील, ते स्टूल आपोआप मागे पडेल, असे मांडे मी मनात खात होते.

केसरबाई स्टूल घेऊनच आल्या, आणि त्यांच्या मागे, पहिल्यांदाच सभेला, डोक्यावरचा पदर सारखा करत कमळाबाई. "तू बस खुर्चीवर," केसरबाई त्यांना म्हणाल्या आणि स्वतः स्टुलावर बसल्या.

कमळाबाई अगदी काठावर टेकल्या. ग्रामसेवकांनी सवयीने रजिस्टर पुढे सरकवून सहीच्या जागेवर बोट ठेवलं. कमळाबाईंनी पेन हातात घेतलं, पण टेकवलं नाही.

"याच्यात काय लिवलं हाय? वाचून दाखवा जी."

माझ्यावरून दहा वर्षं नुसते हुकूम सुटले होते. माझ्यावर बसून कुणी काही विचारलं, ही पहिली वेळ. तेवढ्या वेळापुरता मला कुणाचाही हेवा वाटला नाही.

मित्रांनो, आता कचेरीत लोखंडी खुर्च्या आल्या आहेत आणि मी कोठीत पडून आहे. वेत फाटला आहे, एक हात हलतो आहे. मला दुरुस्त करा, असं मागणं मी मागत नाही. पण तुमच्या गावात, शाळेत, कुठेही सभा भरेल, तेव्हा दाराशी कोण बसलं आहे ते एकदा पाहा. इतकी वर्षं केसरबाई माझ्या डोळ्यांसमोर दाराशी होत्या. लाकडाला उठून जागा देता येत नाही. तुम्हाला येते.