जिन्यावरची किंकाळी

गेले कित्येक शनिवार सशाचं एकच चाललं होतं. बाजाराच्या तळघरातल्या दुकानात जायचं, तो जाड काळा डबा फळीवरून उचलायचा, मागची बारीक अक्षरं वाचायची, सुस्कारा सोडायचा आणि डबा होता तिथे ठेवून द्यायचा. डब्यात जुने भयपट होते, सगळे नव्याने धुऊनपुसून काढलेले. चित्र स्वच्छ केलेलं, आवाज नव्याने जुळवलेला. चित्राबद्दल सशाची काही तक्रार नव्हती. गाडी अडायची ती आवाजाच्या ओळीपाशी.

दुकानदाराला सगळे वटवाघूळ म्हणत, कारण त्याला उन्हात उभं राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. या गिऱ्हाइकाला तो आता कंटाळला होता.

"अहो साहेब, एक तर घ्या, नाहीतर पाठ तरी करून टाका ती अक्षरं."

"आवाज नव्याने जुळवतात म्हणजे नेमकं काय करतात हो?"

"खरखर काढतात. कुठे काही फारच गेलेलं असेल तर नवीन घालतात. यातल्याच एका सिनेमात कुत्र्याचं भुंकणं बदललंय. लोक माझ्याशी भांडायला आले. जसा काही मीच भुंकलो होतो!"

"आणि माणसांचे आवाज?" सशाने विचारलं. "म्हणजे... किंकाळी वगैरे?"

"ते फोडून बघायचं. पण एकदा फोडलेला डबा मी परत घेत नाही, आधीच सांगतो."

सशाने डबा परत फळीवर ठेवला.

आता हा सशा कोण, ते सांगायला हवं. खरं नाव त्याच्या पगाराच्या कागदावर होतं, तिथेच राहो. लहानपणापासून घरात त्याला ससाच म्हणत, हाक मारताना सशा, कारण भांडं पडलं तरी हा टुणकन उडायचा. मोठेपणी तो दातांच्या कवळ्या बनवायला लागला. दिवसभर दिव्याखाली बसून मेणात एकेक दात बसवायचा, हिरडीचा रंग जुळवायचा, घासून गुळगुळीत करायचा. लोकांचे दात घडवणाऱ्या या माणसाचे स्वतःचे दात मात्र सिनेमातला दरवाजा करकरला तरी वाजायचे. असा माणूस तोच भयपट आयुष्यात तिसऱ्यांदा विकत घ्यायला निघाला होता. आधी कॅसेट, मग डिस्क, आता हा डबा. आणि हे सगळं आईपायी.

आई तरुणपणी एका सिनेमा कंपनीच्या कपडेपटात होती. शिवण उसवली की टाके घालायचे, बटणं लावायची, इस्त्री करायची. तिथे एका भयपटाचं काम चालू असताना नायिकेचा घसा बसला. जिन्यावरचा प्रसंग होता. नायिका हातात दिवा घेऊन वर चढते, शेवटच्या पायरीवर तिला काहीतरी दिसतं आणि ती किंचाळते. दिसतं काय, ते सिनेमाभर दाखवतच नाहीत. सगळी मदार त्या किंकाळीवर. आवाज नोंदवणाऱ्या माणसाने तिथल्या एकेक बाईला ओरडून बघायला सांगितलं. कुणी लाजली, कुणी हसली. आई तोंडातली सुई काढून उभी राहिली आणि अशी ओरडली, की चहा घेऊन येणाऱ्याच्या हातून तबक सुटलं. "हीच!" म्हणाला तो माणूस.

ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगून झाली होती, की तबकात किती कप होते यावरही सशा आणि ताई भांडत. तो सिनेमा लागला की एक रीत ठरलेली होती. आईशिवाय तो लावायचा नाही आणि दुपारीच लावायचा, कारण रात्री लावला तर सशा अंथरुणात उठून बसे. नायिका जिना चढू लागली, की आई असेल तिथून हात पुसत यायची आणि सशाच्या खुर्चीमागे उभी राहायची. शेवटची पायरी आली की पडद्यावरच्या बाईबरोबर आई स्वतः किंचाळायची, कानाशी, पोटापासून. सशा उडायचा, ताई हसून गडाबडा लोळायची. शेजारीपाजारी, पाहुणे, पुढे सशाची बायको, सगळ्यांना आईने असंच खुर्चीतून उडवलं होतं.

मग आईच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण आवाज काढून घेतला. आता ती श्वास गळ्याला केलेल्या भोकातून घ्यायची. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र रुग्णालयातून दिलं होतं. आईने ते एकदाच लावून पाहिलं. दाढीचा विजेचा रेझर चालू केल्यासारखा घुरघुरता आवाज आला, आणि तिने ते कपाटाच्या खणात टाकलं ते टाकलंच. सशाचं त्यामुळे अडत नव्हतं. आईची कवळी त्यानेच बनवली होती, तिच्या ओठांची हालचाल त्याला पाठ होती. ती तोंडाने शब्द करायची, तो ओळखायचा. लक्ष वेधायचं तर टाळी वाजवायची. पण शेजारणींना ते कुठून जमणार? हळूहळू आई दाराशी जाईना, कुणी आलं की आतल्या खोलीत जाऊन बसू लागली. पूर्वी हीच बाई एका खोलीतून तीन खोल्यांना ऐकू जायची.

आणि एके दिवशी कामावर मेण तापवता तापवता सशाच्या लक्षात आलं, की आई आपल्याला 'सशा' अशी हाक कशी मारायची ते आठवत नाहीये. शब्द आठवतो, तोंड आठवतं, पण आवाज काही केल्या येईना. त्याच्या हातातलं मेण करपलं. घरी येऊन त्याने फोन धुंडाळला. आई निरोप ठेवणाऱ्यांतली नव्हती, "यंत्राशी कोण बोलणार?" म्हणायची. लग्नाच्या फिल्ममध्ये ती होती, चांगली हसून बोलत होती, पण फिल्मवाल्याने सगळ्यांच्या तोंडावर गाणी चढवली होती. उरली ती एक किंकाळी.

त्याने डिस्क काढली. जिन्यापाशी तिच्यावर इतके ओरखडे पडले होते, की नायिका मधल्या पायरीवर थिजायची आणि एकदम दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी करताना दिसायची. कॅसेट चालवायला यंत्रच उरलं नव्हतं, आणि माळ्यावरून काढली तेव्हा तिच्यावर बुरशीही आली होती.

म्हणून तो डबा. पण डब्यातही आवाज बदललेला असला तर? मग आईचा आवाज जगात कुठेच नाही, हे पक्कं झालं. न फोडलेल्या डब्यात निदान तो असण्याची शक्यता होती. ताईचंही हेच मत पडलं.

"सोड रे," ती फोनवर म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि तिला ऐकवून तरी काय करणार आहेस? तिला बरं वाटेल की वाईट, ते तुला माहीत आहे का?"

सशाला माहीत नव्हतं. त्याला झोप लागेना. बायको म्हणाली, "घ्या एकदाचा तो डबा, नाहीतर तुमच्या कुशी बदलण्यानेच मी मरेन." पुढच्या शनिवारी सशाने डबा घेतला आणि वटवाघळाने देव पावल्यासारखा चेहरा केला.

रविवारी दुपारी बायको माहेरी गेलेली होती. सशाने पडदे ओढले, आईला कोचावर बसवलं, स्वतःची खुर्ची पुढे ओढली. डबा पाहून आईच्या कपाळावर आठी चढली. 'पुन्हा?' ती ओठांनी म्हणाली.

"नवीन आहे. अगदी स्वच्छ केलाय. तुझा आवाज ऐकू आपण."

आईने दोन्ही हात हलवले. नको, नको. सशाला वाटलं, खर्चासाठी म्हणते. त्याने डब्यातली डिस्क यंत्रात सरकवली.

चित्र खरोखर स्वच्छ होतं. इतकं, की पूर्वी ज्या कोपऱ्यात सशाला कायम कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं, तिथे कोट अडकवायची खुंटी निघाली. एरवी त्याला हसू आलं असतं. आज त्याने आवाज आणखी वाढवला. नायिकेने दिवा उचलला. पहिली पायरी, दुसरी. सशाचं लक्ष सारखं मागे जात होतं, खुर्चीपाठीमागे, जिथे आता कुणी येणार नव्हतं. शेवटची पायरी. नायिकेने तोंड उघडलं.

किंकाळी आली. बारीक, उंच, काचेसारखी. ती आईची नव्हती. आईची जाड होती, पोटातून निघून वर जाणारी, मध्ये किंचित फाटणारी. ही कुणीतरी शिकलेल्या गळ्याची बाई ओरडत होती.

सशा ताडकन उठला.

"काढला! काढून टाकला त्यांनी!" त्याने सिनेमा थांबवला आणि ताईला फोन लावला. ती उचलेना. तो खिडकीकडे तोंड करून येरझारा घालू लागला, फोन कानाला तसाच. "माणसाचा आवाज आहे की कुत्र्याचं भुंकणं? कुणाला विचारून काढला? मी लिहिणार आहे त्यांना. सोडणार नाही." बोलता बोलता त्याचा स्वर रडवेला झाला. "एवढा एकच होता."

मागे आई टाळ्या वाजवत होती. त्याने वळून पाहिलं नाही. तिने पुन्हा वाजवल्या. मग पावलं वाजली, कपाटाचा खण उघडल्याचा आवाज झाला.

"ती... तिचीच... आहे."

सशा जागच्या जागी उडाला. खोलीत रेझरसारखी घुरघुर बोलत होती. आई गळ्याला यंत्र टेकवून उभी होती.

"काय?"

"किंकाळी. पहिल्यापासून... तिचीच. माझी घेतली होती. मग तिचा घसा... बरा झाला. माझी काढली."

"पण तू तर..."

"मला कुणी सांगितलं नाही. पहिल्या खेळाला सगळी आळी घेऊन गेले होते. तिथे कळलं." आईने बटण सोडलं, श्वास घेतला, पुन्हा दाबलं. "बाहेर येऊन सगळे म्हणाले... काय ओरडलीस! मी काय बोलणार? मग घरी कॅसेट आली. ताई शाळेत सांगून आली होती, माझी आई, माझी आई म्हणून."

सगळ्या दुपारी सशाच्या डोळ्यांपुढून गेल्या. हात पुसत येणारी, नेमक्या पायरीला नेमकी मागे येऊन उभी राहणारी. पडद्यावरची किंकाळी या घरात कुणी कधी ऐकलीच नव्हती. आईने ऐकू दिली नव्हती.

"म्हणून तिच्या आवाजावर ओरडायचीस?"

आईने मान हलवली. ओशाळलेलं पोर मान हलवतं तशी.

सशा कोचावर बसला. इतके दिवस ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ते कॅसेटवर नव्हतं, डिस्कवर नव्हतं, डब्यात तर नव्हतंच. ते दर वेळी खुर्चीमागे उभं होतं, आणि त्याने ते कशावरही साठवून घेतलं नव्हतं. त्याला हुंदका आला. मोठ्या माणसाला शोभणार नाही असा तो रडला. आई शेजारी बसून त्याची पाठ चोळत राहिली.

मग तिने त्याच्या मांडीवरचा रिमोट उचलून त्याच्या हातात दिला. 'मागे घे,' ओठांनी म्हणाली.

"कशाला आता?"

'घे म्हणते ना.'

त्याने मागे घेतलं. नायिकेने पुन्हा दिवा उचलला, पायऱ्या चढू लागली. तेवढ्यात फोन वाजला. ताई होती. "नंतर करतो गं," असं म्हणायला सशाने फोन कानाला लावला, आणि आई कोचावरून कधी उठली ते त्याला कळलं नाही.

शेवटच्या पायरीला त्याच्या कानामागे घुरघुर उसळली. भसाडी, सपाट, न थांबणारी. गांधीलमाश्यांचं पोळं फुटावं तशी. सशा पूर्वी खुर्चीतून उडायचा तसा उडाला, रिमोट एकीकडे, उशी एकीकडे. पडद्यावरची बाई ओरडली असेल नसेल, काही ऐकू आलं नाही. मागे आई यंत्र गळ्याला लावून, तोंड वासून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती.

"अरे काय झालं?" ताई फोनवर घाबरून विचारत होती. "सशा! कोण ओरडलं?"

सशाने मागे वळून पाहिलं.

"आई," तो म्हणाला. "आई ओरडली, ताई."