जाळ्याचा जोड

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पिंपळगाव जोग्याचं धरण इतकं खाली गेलं होतं, की मढच्या बाजूला जुन्या काठापासून पाण्यापर्यंत जायला भगवंतला वीस मिनिटं लागत. मधे भेगाळलेला गाळ आणि शिंपले. पाणी उरलं होतं ते जुन्या नदीच्या पात्रात. दुपारी वरचं पाणी कोमट होई आणि मासा तळ गाठे, म्हणून जाळं संध्याकाळी टाकायचं आणि ऊन चढायच्या आत काढायचं. कालव्याला पाणी सोडलं की काठ एका रात्रीत हातभर आत सरके.

फेब्रुवारीपासून भगवंत हे एकटाच करत होता. त्याचा जोडीदार सोपान गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मुलाकडे चाकणला राहायला गेला होता.

जाळं मात्र दोघांचं होतं. त्यांच्या भागात जोडीदार आपापलं जाळं आणत आणि मधोमध सुतळीने शिवून एक करत. जोडी मोडली तर दोघांनी समोरासमोर बसून तो जोड उसवायचा, एकट्याने नाही. भगवंतच्या अर्ध्या भागावर तरंगायला थर्माकोलचे तुकडे होते, सोपानच्या भागावर जुन्या चपलांचे. एकोणीस वर्षं ते एकच जाळं होतं.

रविवारी सकाळी पावणेसातला सोपान काठी टेकत गाळ उतरून आला.

"जाळं कुठंय?"

"पान्यात."

"आरं, शुक्रवारी फोन केला व्हता ना? काढून ठेव म्हनलं व्हतं."

"इसरलो."

"तू इसरलास? माझ्या लग्नात तुला कोनता सदरा दिला ते अजून सांगत फिरतोस."

"पहिल्याच पंगतीत फाटला व्हता त्यो. कसा इसरंन?"

सोपान हसला आणि दगडावर बसला. भगवंत टायरच्या ट्यूबवर पोट टेकून पाण्यात गेला. काठावरची दोरी सोपानने न सांगता हातात घेतली. "डावीकडं घे, डावीकडं! खुंट हाय तिथं," तो ओरडला. खुंट कुठे आहे हे भगवंतला माहीत होतं. तरी तो मुद्दाम सावकाश डावीकडे वळला.

जाळ्यात अकरा चिलापी आणि एक कटला निघाला. कटला चपलांच्या बाजूला होता.

"तुझा हाय," भगवंत म्हणाला.

"नेऊन काय करू? सून घरात मासं शिजवू देत न्हाई."

"मग ऱ्हा की आजच्या दिस. मी करतो कालवन."

"साडेधाची जीप हाय. आदेश वाट बघतोय घोडेगावला."

आदेश सोपानचा भाचा. त्याने डिंभ्याच्या धरणावर नवी जोडी धरली होती, पण त्याच्याकडे जाळं नव्हतं.

"अर्ध्या जाळ्यानं पात्र अडत न्हाई, सोपाना. मासा बाजूनं निघून जातो. तुला काय सांगायचं."

सोपानने पात्राकडे पाहिलं. "आता राह्यलंय किती ते? अर्ध्यात भागंल तुझं."

"आन् भरल्यावर?"

"भरल्यावर दुसरा कोनी बघ."

"कोन हाय मढात? हाय ती समदी पोरं कंपनीत."

"मग मी काय करू, राव? पान्यात उतरता येत न्हाई मला. घरात ठिवून उंदरांना घालू का जाळं?"

भगवंतने जाळं गाळावर पसरलं आणि दोघं जोडाच्या दोन बाजूंना बसले. सोपानने सुतळीवर बोट फिरवलं.

"हे दुहेरी टाकं कवा घातलंस?"

"फेब्रुवारीत."

"मी गेल्यावर?"

"हां."

दुहेरी टाके उसवायला चाळीस मिनिटं लागली. ब्लेड एकच होतं, ते दोघांनी आळीपाळीने वापरलं. शेवटचा टाका सोपानच्या वाट्याला आला. तो त्याने कापला, आपलं अर्धं जाळं खताच्या गोणीत भरलं आणि गोणी खांद्यावर घेतली.

"फोन करत जा, भगवंता."

"रेंज नसती हितं."

"वर येऊन कर."

कटला त्याने नेला नाही.

संध्याकाळी सहाला भगवंतने थर्माकोलवाल्या जाळ्याचं एक टोक अलीकडे मेखेला बांधलं आणि दुसरं ट्यूबवर घेऊन पलीकडे निघाला. जाळं मधेच संपेल, असं त्याला वाटत होतं, आणि तसंच व्हावं असंही. पण ते पलीकडच्या काठाला पोचलं, वर दोन हात उरलं. उरलेलं त्याने गुंडाळलं आणि त्यावर दगड ठेवला.