पायरीवर बसा, मी निघालोय

हे तुम्हाला पटणार नाही, आणि पटलं तर मला तुमचीच काळजी वाटेल. पण आमच्या सूनबाईचा वेबसाइटचा धंदा उभा राहिला तो माझ्या दोन बोटांवर. उजव्या हाताचं एक, डाव्या हाताचं एक. बाकीची आठ नुसती बघायला होती. काल दातांच्या एक डॉक्टरबाई आपली वेबसाइट करून घ्यायला घरी आल्या, त्यांना सांगितलं तेच तुम्हाला सांगतो.

सूनबाईने विम्याच्या कचेरीतली नोकरी सोडली आणि जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडला. पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते चौकातला कुलूपवाला. हा माणूस दिवसाला चार शब्द बोलतो, त्यातले दोन 'हं' असतात. तो म्हणाला, "शुक्रवारी पाचला बघतो. पटली तर ठेवू." तिकडे कचेरीतल्या साहेबांचा निरोप होता, की खुर्ची सोमवारपर्यंत रिकामी ठेवतो. म्हणजे शुक्रवारी कुलूपवाल्याने नाक मुरडलं की सोमवारी सूनबाई परत विम्याच्या कागदांत. घरात कोणी हे बोलून दाखवत नव्हतं, पण तिच्या चहावर रोज साय धरत होती.

आता वेबसाइट करतात कशी, तर तयार सांगाडा मिळतो. त्याला म्हणतात कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम. नाव जड, काम हलकं. सूनबाईने रंग ठरवले, पानं आखली, मेनू जोडला, किल्ल्यांचे फोटो जागच्या जागी बसवले. मजकुराच्या जागी मात्र सगळीकडे एकच वाक्य: 'येथे मजकूर येईल.' चार शब्दांचा धनी तो, मजकूर कुठून देणार? शुक्रवारी सकाळी सूनबाईने हात टेकले.

"ती जागा मला दे," मी म्हणालो. "शब्दांचं दुकान घरात असताना बाहेर कशाला हिंडतेस?"

तिने मला माझ्या नावाने लॉगिन करून दिलं. "बाबा, लिहा आणि 'मसुदा जतन करा' दाबा. ते निळं 'प्रकाशित करा' आहे ना, त्याच्या वाटेला जाऊ नका. मी पाचच्या आत येऊन वाचते." आणि दुकानाचे आणखी फोटो काढायला ती बाहेर पडली.

मी चौदा परिच्छेद लिहिले. पहिल्यात कुलूपवाल्याच्या पणजोबांनी राजवाड्याचं दार नुसतं खाकरून उघडलं. सहाव्यात अकरा वर्षं अबोला धरलेल्या नवरा-बायकोच्या कपाटाला त्याने किल्ली लावली, तर कपाटाआधी तीच दोघं उघडली. चौदाव्यापर्यंत मला स्वतःलाच गहिवरून आलं. आमची ही मागे उभी राहून चष्म्यातून बघत होती.

"जमलंय का?" मी विचारलं.

"मला त्यातलं काय कळतंय," ती म्हणाली आणि मोजे शिवायला बसली.

दोनला दहा मिनिटं कमी होती. दोन ते चार माझी झोप; मध्ये घराला आग लागली तरी मला चारलाच सांगायचं, असा दंडक आहे. घाईत बोट निळ्यावर पडलं.

तुम्हाला सांगतो, मी खुर्चीवरून उठायच्या आत कुलूपवाल्याचा फोन खणखणायला लागला. भर समुद्रातून एका जहाजाचा कप्तान बोलत होता: खोलीची किल्ली पाण्यात पडली, काय करू? कुलूपवाला फोनवर नुसतं 'हं' म्हणाला आणि तिकडे दार उघडलं. दुकानापुढची रांग वळत वळत मागच्या दाराने परत दुकानातच शिरली. आमचा कॉम्प्युटर त्या गर्दीने इतका तापला, की त्याच्या पाठीवर मी सदऱ्याला इस्त्री केली आणि सगळं तसंच उघडं टाकून झोपलो.

पाचला सूनबाई आणि कुलूपवाला एकदमच दारात. तिने पान उघडलं आणि सगळं आधीच जगजाहीर झालेलं बघून तिचा चेहरा उतरला. कुलूपवाला वाचायला लागला. सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत होतं: 'दाराबाहेर अडकलात? पायरीवर बसा. मी निघालोय.' त्याखाली फोन नंबर. त्याने बोट ठेवून पुन्हा वाचलं.

"हे असंच म्हणतो मी," तो म्हणाला. मग कधी नव्हे ते आणखी बोलला. "ठेवा. बाकीचं काढा."

सूनबाईने माझे चौदाच्या चौदा परिच्छेद एका झटक्यात उडवले आणि हसत हसत टेबलावर डोकं टेकलं. त्या संध्याकाळी तिने चहा गरम प्यायला. साहेबांची खुर्ची अजून रिकामी आहे म्हणतात.

डॉक्टरबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. "मला तशीच एक ओळ हवी," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस घाबरलेला असतो. कोणी लिहिली ती?"

"हा काय, समोर बसलाय तुमच्या," मी म्हणालो.

सूनबाई कॉम्प्युटरकडे वळली. "बाबा, यात प्रत्येक बदलाची जुनी आवृत्ती राहते, वेळेसकट. ही ओळ आणि नंबर, दोन्ही शुक्रवारी टाकलेत, तुमच्या नावाने. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी."

"त्या दिवशी मला जरा लवकर जाग आली," मी म्हणालो.

कोपऱ्यात आमची ही सुईत दोरा ओवत होती. पहिल्याच खेपेला ओवला गेला.

"अहो, तुमच्या चौदा परिच्छेदांत फोन नंबरच नव्हता," ती म्हणाली. "तो मी टाकला, तुम्ही घोरत होता तेव्हा. मग त्या कप्तानाने दोनच्या आधी फोन लावला कुठे?"